धबधब्यावर थांबलेली ताई

नवा रायपूर. रुंद, मोकळे रस्ते आणि दिवेलागणीलाच शांत होणारी वसाहत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मराठी घरात मात्र रोज त्याच वेळी आवाज चढतो. आठवीतला मुलगा बीजगणिताची वही घेऊन बसतो, बाबा शिकवू लागतात आणि दहाव्या मिनिटाला ठरलेले वाक्य येते, "एवढं सोपं जमत नाही? तुझ्याएवढे असताना आम्ही हार मानत नव्हतो!"

"कशात?" एकदा मुलाने विचारले.

बाबांना चटकन आठवला तो 'कॉन्ट्रा'.

1990 च्या दशकात, रायपूर अजून मध्य प्रदेशात असताना, तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडे विकल्या जात, त्यातलाच तो एक. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची!

'कॉन्ट्रा'मध्ये दोन सैनिक. प्रत्येकाला तीन जीव आणि एक गोळी लागली की एक जीव गेलाच. कोनामी कंपनीने 1987 साली हा खेळ काढला तो मुळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी. तिथे खेळणारा लवकर हरला, तरच पुढचे नाणे पडणार. पुढच्याच वर्षी तो घरच्या टीव्हीवर आला, पण त्याचा कडकपणा तसाच राहिला.

कोनामीने 2019 साली या मालिकेतले जुने खेळ एकत्र करून नव्या यंत्रांसाठी आणले. बाबांनी तो संच मुलाच्याच यंत्रावर घेतला. "आता बघ!"

बघण्यासारखे फारसे काही घडले नाही. पहिल्याच जंगलात पायाखालचा पूल धडाधड फुटला, बाबा गोंधळले आणि पाच मिनिटांत तिन्ही जीव संपले. मुलाने हसू कसेबसे दाबले.

मग बाबांना ती गुप्त खूण आठवली. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. तीनऐवजी तीस जीव! कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 साली 'ग्रॅडियस' हा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करताना ही युक्ती बसवली. चाचणीसाठी तो खेळणे त्यांनाच अवघड जात होते. पुढे ती खूण इतर खेळांतही आली. हाशिमोतो 2020 साली वारले.

"म्हणजे बनवणाऱ्यालाही जमत नव्हतं?" मुलाला फारच बरे वाटले.

तीस-तीस जीव घेऊन दोघे खेळू लागले. तिसरा टप्पा धबधब्याचा. फळीवरून फळीवर उड्या घेत वर चढायचे. पडदा फक्त वर सरकतो. एकजण भराभर वर गेला की मागे राहिलेल्याच्या पायाखालची फळी पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. बाबा सपासप चढत गेले. मुलाचे जीव एकामागून एक गेले.

"बाबा, थांबा ना!"

"अरे, तू लवकर ये ना!"

शेवटी मुलाने हातातले बटण खाली ठेवले. "गणितातही तुम्ही असंच करता," एवढेच म्हणून तो आपल्या खोलीत गेला.

रात्री बाबांनी नागपूरला ताईला फोन केला. ताई खो खो हसली. "तू हार मानत नव्हतास? धबधबा आला की तू रडायचास. मी वरच्या फळीवर उभी राहायचे, तू उडी घेईपर्यंत. पाऱ्यातली पोरं मागून ओरडायची, 'ताई, चल ना पुढे!' निम्मे जीव तिथंच जायचे माझे."

"मग थांबायचीस कशाला?"

"नाहीतर तू मेला असतास ना, वेड्या!"

बाबांच्या आठवणीत तो खेळ त्यांनी जिंकला होता. त्या आठवणीत ताई कुठेच नव्हती. आपल्या लहानपणीच्या जिद्दीच्या गोष्टी आपण सारेच मुलांना ऐकवतो. त्या वेळी आपल्यासाठी वरच्या फळीवर कोण थांबले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा बाबांनी पेन्सिल मुलाच्या हातात दिली. "पहिली पायरी तू सांग." मग ते गप्प बसले. एक गणित सुटायला पंधरा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात बाबांनी घड्याळाकडे तीनदा पाहिले, पण तोंड उघडले नाही.

वही मिटून मुलाने विचारले, "बाबा, धबधबा खेळायचा?"