कार्बन पकडणार, राख कोण झाडणार?

२०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला एक आकडा आपल्यापैकी फार जणींच्या नजरेत भरला नसेल. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून तो वापरायचा किंवा जमिनीत गाडायचा, या तंत्रासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपये. पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण, रसायनं आणि वीज अशी पाच क्षेत्रं त्यात आहेत. पोलाद-सिमेंटचं एक वेळ समजू शकतं; तिथे दुसरे मार्ग आज थोडे आहेत. विजेचं तसं नाही. कोळशाच्या वीज केंद्रांना हा पैसा देण्याला आपण विरोध करायला हवा, आणि तो बायांच्या हिशेबाने करायला हवा.

तंत्र असं आहे. धूर धुराड्यातून सोडण्याआधी एका रासायनिक द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. ते तापवलं की वायू सुटा होतो, मग तो दाबून नळातून न्यायचा. या तापवण्या-दाबण्यात केंद्राच्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा खर्ची पडतो. म्हणजे बाहेर तेवढीच वीज द्यायची, तर जिथे चार वाघिणी कोळसा लागायचा तिथे पाच लागणार. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. पाचव्या वाघिणीची राखही गावाच्याच कडेला पडणार. पाणीही जास्त लागणार, ते वेगळंच.

राख म्हणजे काय, हे चंद्रपूर-कोराडीच्या बायांना सांगायला नको. सकाळी झाडलेलं अंगण संध्याकाळी पुन्हा झाडायचं, वाळवण घरात घालायचं, खोकणाऱ्या पोराजवळ रात्र काढायची. या कामाला मजुरी नाही, म्हणून कुठल्याच प्रकल्प अहवालात ते खर्चाच्या रकान्यात येत नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शिवारात पसरला. तो उपसण्याचे दिवस कोणी मोजले?

आता मुख्य गोष्ट. धुरात गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, राहिला तर हे महागडं द्रावण नासतं. म्हणून कार्बन पकडण्याआधी धुरातलं गंधक धुऊन काढावंच लागतं. माणसांच्या श्वासासाठी गंधक आटोक्यात आणा, असा नियम सरकारने डिसेंबर २०१५ मध्येच केला होता. मुदत दोन वर्षांची. ती पुन्हा पुन्हा वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना त्यासाठीच्या यंत्रांतून सूटच देऊन टाकली. चंद्रपूरसारख्या प्रदूषित भागात एकेका संचाचं समिती ठरवणार. कारण काय सांगितलं? आपल्या कोळशात गंधक कमी, आणि यंत्रं महाग. म्हणजे बाईच्या फुप्फुसांसाठी जे परवडत नव्हतं, ते आता द्रावण नासू नये म्हणून परवडणार, तेही आपल्याच पैशातून!

बरं, पैसा ओतून काम होतं म्हणावं तर अमेरिकेचा अनुभव पाहा. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला: कोळशाच्या आठ प्रकल्पांना जवळजवळ ६८ कोटी ४० लाख डॉलर दिले, चालू झाला एकच. तो टेक्सासमधला. पकडलेला वायू जुन्या विहिरीतलं तेल वर ढकलायला वापरायचा, तोच त्याचा धंदा. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले, तसा प्रकल्पही बंद पडला. पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

आपल्याकडे विंध्याचलच्या ४,७६० मेगावॅटच्या केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन वायू पकडणारा संच बसवला. एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो वायू धरा. केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर हे २० टन अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर पडतात. प्रयोग म्हणून ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर कोळशाची नवी केंद्रं उभी करू नयेत.

तापमान वाढतंय, त्याचं काय, असं कोणी विचारेल. वाढतंयच. दुष्काळात हंडा घेऊन आणखी लांब कोण चालतं, ते आपण जाणतोच. म्हणून तर कोळसा कमी जळायला हवा. या तंत्राने तो जास्त जळणार आहे.

कोळशाच्या नव्या किंवा वाढीव केंद्रासाठी जनसुनावणी लागते. तिथे कार्बन पकडण्याचं आश्वासन दिलं गेलं, तर वाढीव राख कुठे टाकणार आणि वाढीव पाणी कोणत्या गावाच्या वाट्याचं, हे विचारायचं. ज्या केंद्रात गंधकाचं यंत्र नाही त्याला या योजनेचा एक रुपयाही नको, अशी मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्यायची. आणि सुनावणी बायांच्या पाणी भरण्याच्या, रोजावर जाण्याच्या वेळेला ठेवली असेल, तर वेळ बदलून मिळावी असा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत आठवडाभर आधीच देऊन पोच घ्यायची.