रानांतली शर्यत आणि पायांतले बूट

शहाद्याकडील एका वाचक भगिनींचें पत्र या महिन्यांत आलें आहे. त्यांची सोळा वर्षांची पुतणी येत्या हिवाळ्यांत प्रकाशा गांवच्या शिवारांतून ४ किलोमीटरांच्या शर्यतींत धांवणार आहे. इंग्रजींत जिला क्रॉसकंट्री म्हणतात त्या जातीची ही शर्यत. म्हणजे आंखीव मैदान नाहीं, रान, शेत, ओढा, रस्ता जें वाटेंत येईल तें तुडवीत जावयाचें. घर एकत्र व मोठें असल्यामुळें मुलीच्या पायांत काय घालावें या प्रश्नावर तीन पक्ष पडले आहेत. आजोबा म्हणतात, अनवाणी धांवावें. त्यांच्या लहानपणीं सारें गांव तसेंच धांवत असे. थोरल्या काकांनीं जाड, मऊ तळाचे भारी किमतीचे बूट मागविण्याचें योजिलें आहे. आजींचें मत असें कीं, चुलत भावाचे गेल्या वर्षींचे बूट धड आहेत. ते असतां नवे घेणें ही उधळपट्टी होय. मुलीचें स्वतःचें मत काय, याचा मात्र पत्रांत उल्लेख नाहीं. तें कोणीं तरी विचारलें असेल अशी आशा आहे.

तिन्ही मतांत थोडेंथोडें तथ्य आहे. परंतु तिन्ही पक्षांनीं बुटाचा विचार केला, जमिनीचा केला नाहीं. रानांतल्या शर्यतींत अंतरापेक्षां जमीनच धांवणाऱ्याची परीक्षा अधिक घेते. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत अशा शर्यतीला ३८ जण उभे राहिले व अवघे १५ शेवटास पोंचले. अंतर सुमारें साडेदहा किलोमीटरच होतें. पण भयंकर ऊन आणि काटेरी झुडपांनीं माजलेली वाट यांनीं एकेकाला खालीं बसविलें. ऑलिंपिकमधून हा प्रकार त्यानंतर काढूनच टाकण्यांत आला.

प्रकाशा हें तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचें गांव. भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात. पुराणवस्तुसंशोधक तें १९५५ सालच्या उत्खननासाठीं ओळखतात, कारण तेथील पांढरीच्या टेकाडांत ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर सांपडले. धांवणाऱ्या मुलीला मात्र या दोहोंपेक्षां निराळ्या थराशीं काम आहे, आणि तो म्हणजे तापीकांठची काळी जमीन. ही माती पाणी प्याली कीं फुगते व वाळली कीं आकसून भेगाळते. वाळलेल्या ढेंकळांवर घोटा मुरगळतो. ओल्या मातींत पाऊल रुततें आणि वर येतांना मातीचा गोळा घेऊन येतें. हिवाळ्यांत पाऊस नसतो म्हणून शेत कोरडें असेलच असें नाहीं. गव्हा-हरभऱ्याला आदल्या दिवशीं पाणी दिलेलें असेल तर बांधाच्या एका अंगाला धूळ व दुसऱ्या अंगाला चिखल, असा प्रकार नेहमींच असतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे खुंट. पऱ्हाट्या तोडल्यावर जमिनींत राहिलेलें कपाशीचें खुंट आणि ऊंस तुटल्यावरचें खोडकें हीं तिरप्या, टोंकदार भाल्यांसारखीं उभीं असतात. यांत गाडीवाटेचा फुफाटा, नदीच्या अंगाला वाळू व गोटे, आणि गांवाजवळ डांबरी सडक मिळविली, म्हणजे चार किलोमीटरांत पायाखालची जमीन निदान पांच वेळां पालटते.

अशा वाटेवर सर्वत्र उत्तम चालेल असा बूट मिळत नाहीं. तेव्हां निवड कोणत्या तुकड्यासाठीं करावयाची? पुष्कळ लोक सर्वांत लांब तुकड्याकडे पाहतात. सडक अधिक तर सडकेचा बूट घेतात. माझें मत याच्या उलट आहे. ज्या तुकड्यावर पडण्याची, मुरगळण्याची किंवा पाय फाटण्याची भीति सर्वांत अधिक, त्याच्यासाठीं बूट घ्यावा. रानाचा बूट सडकेवर घातल्यास फार तर थोडा जड वाटेल आणि त्याचे दांते लवकर झिजतील. पण सडकेचा गुळगुळीत बूट ओल्या बांधावर घसरला तर शर्यत तेथेंच संपते, आणि पुढचा महिना मुलगी पाय उशीवर ठेवून बसते. म्हणून बूट घेण्याआधीं आयोजकांना विचारून सारा मार्ग एकदां पायीं चालून पाहावा. काकांनीं बरोबर जावें. त्यांच्या मताला याचा उपयोग होईल.

आतां आजोबांचा पक्ष. तो हंसण्यावारीं नेण्यासारखा मुळींच नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनीं शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवतांना पाहिलीं. शास्त्रशुद्ध शिक्षण नसतांही त्यांच्या वेळा युरोपांतील वेळांच्या जवळपास होत्या. त्यांतूनच १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले, आणि बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे ४२.७५ किलोमीटरांच्या मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. अलीकडचें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचें. लहानपणीं अनवाणी धांवलेल्या या मुलीनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटरांत कांस्य व त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेंत रौप्य पदक मिळविलें. शास्त्रही आजोबांच्या बाजूनें कांहीं बोलतें. २०१० सालींच हार्वर्डचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, अनवाणी धांवण्याची संवय असलेले लोक बहुधां चवड्यावर उतरतात आणि त्यामुळें टांचेवर बसणारा आघात त्यांना लागत नाहीं.

परंतु या सर्व उदाहरणांत कळीचा शब्द ‘संवय’ हा आहे. बालवाडीपासून बूट घातलेल्या मुलीचा तळवा कोवळा, चवड्याचीं हाडें बुटाच्या आधाराला सरावलेलीं. तिला एकाएकीं अनवाणी धांवविलें तर तळव्याची कातडी सोलवटते, आणि हाडांना बारीक तडा जाण्याचाही संभव असतो. इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें १९६० सालीं रोममध्यें अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हें आजोबा नक्कीच सांगतील. त्यांना दोन गोष्टी स्मरण करून द्याव्यात : रोमच्या रस्त्यांवर कपाशीचीं खुंटें नव्हतीं, आणि १९६४ सालीं टोकियोला त्याच बिकिलानें बूट-मोजे घालून पूर्वींपेक्षां कमी वेळांत तीच शर्यत पुन्हां जिंकली. आजोबांचें समाधान म्हणून मुलीनें रोज पांच-दहा मिनिटें अंगणांत किंवा स्वच्छ मैदानावर अनवाणी चालावें. पायाचे स्नायू त्यानें बळकट होतात.

काकांच्या जाड तळाच्या बुटांविषयीं थोडें निराळें सांगावेंसें वाटतें. सडकेवर ते फार सुखाचे, यांत शंका नाहीं. पण तळ जितका उंच व मऊ, तितका पाय जमिनीपासून वर व डळमळीत. ढेंकळावर तिरपें पाऊल पडलें कीं तो उंच तळ कलतो आणि घोट्याला घेऊन जातो. काकांचा दुसरा मुद्दा हलकेपणाचा असावा. बुटाचें वजन १०० ग्रॅमनीं वाढलें तर धांवण्यास लागणारा प्राणवायु सुमारें एक टक्का अधिक खर्च होतो, हें प्रयोगांनीं ठरलेलें आहे. परंतु बुटाला चिकटलेला काळ्या मातीचा एक गोळा हा सगळा हिशेब पुसून टाकतो. म्हणून दुकानांत बूट तराजूंत घालण्याऐवजीं उलटा करून पाहावा. दांते चार-पांच मिलिमीटर उंच व एकमेकांपासून दूरदूर असावेत, म्हणजे माती मध्यें न अडकतां झडून जाते. दाट, बारीक नक्षीचा तळ या मातींत दहा पावलांतच सपाट होतो. बुटाचें टोंक रबरानें मढविलेलें असावें; वरचें कापड विरळ विणीचें, पाणी निथळून जाईल असें. खिळ्यांचे बूट हिरवळीवर उत्तम, पण गोटे आणि डांबर असलेल्या वाटेवर ते घेऊं नयेत.

राहिल्या आजी. पुस्तकें, परकर, कंपासपेटी हीं थोरल्याकडून धाकट्याकडे जावींत, हा एकत्र कुटुंबाचा मोठा गुण आहे. फक्त धांवण्याचा बूट यांतून वगळावा. एक वर्ष वापरलेला बूट धन्याच्या पावलासारखा होतो. तळ त्याच्या चालीप्रमाणें एका अंगाला दबतो व झिजतो, आणि नव्या पायाला त्या दबलेल्या बाजूकडे ढकलतो. खात्री करून घ्यावयाची असेल तर तो जोड टेबलावर ठेवून मागून पाहावा. टांचा आंत किंवा बाहेर कललेल्या दिसतील. शिवाय मुलींची टांच चवड्याच्या मानानें बहुधां अरुंद असते. मुलाच्या बुटांत ती वरखालीं सरकते आणि दोन किलोमीटरांत फोड येतो. काटकसरीचा आजींचा आग्रह किमतीच्या बाबतींत मात्र अवश्य पाळावा. मध्यम किमतीचा, नीट बसणारा बूट हा भारी किमतीच्या पण न बसणाऱ्या बुटापेक्षां केव्हांही श्रेष्ठ.

बूट घ्यावयास संध्याकाळीं जावें, कारण दिवसभरांत पाऊल किंचित् सुजतें. धांवतांना जे मोजे घालावयाचे तेच घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत. एक पाऊल दुसऱ्याहून मोठें असणें साधारण आहे, आणि माप मोठ्याचें घ्यावें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी. ‘पुढच्या वर्षींही होतील’ म्हणून दोन मापें मोठे घेण्याची आपल्या घरांतील चाल शाळेच्या गणवेशापुरती ठेवावी. दुकानांतल्या दुकानांत दहा पावलें धांवून पाहावें, लोक बघतात म्हणून लाजूं नये. मग निदान तीन आठवडे त्याच बुटांत, शक्य तर त्याच वाटेवर, सराव व्हावा. शर्यतीच्या दिवशीं नवा बूट म्हणजे हमखास फोड.

खुंट किंवा बाभळीचा काटा बूट असूनही लागूं शकतो. सरकारी लसीकरणांत दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प यांची लस दिली जाते; मुलगी सोळा वर्षांची आहे, तेव्हां ती टोंचली आहे कीं नाहीं हें मुलीच्या आईनें शर्यतीपूर्वीं पाहून घ्यावें.

शर्यतीनंतर बूट माखलेले येतील. ते चुलीपाशीं किंवा कडक उन्हांत वाळवूं नयेत. चिकटविलेला तळ सुटतो. चिखल पूर्ण वाळूं द्यावा, मग आपटून व जुन्या दांतघाशीनें झाडावा, उरलेला साध्या पाण्यानें धुवावा. आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलींत वाऱ्यावर ठेवावेत, आणि बोळे भिजले कीं बदलावेत.