दोन जिवांची, पण कधीपासून?

गेल्या वर्षी फोंडा तालुक्यात माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाला गेलो होतो. ओटी भरून झाली, फुले माळून झाली, आणि मग तिच्या काकी तिच्या ताटात लाडवावर लाडू ठेवत बसल्या. "खा गो बाय, दोन जिवांची तूं!" ह्याच काकींनी, स्थळे पाहणे चालू होते तेव्हा, तिला रात्रीचा भात सोडायला लावला होता. मुलगी पाच फूट उंच, वजन बेचाळीस किलो. लग्नात सुरेख दिसते म्हणून सगळ्यांनी वाखाणली. मीही वाखाणली, हे कबूल करतो.

माझे भांडण लाडवाशी नाही, मुहूर्ताशी आहे. आपल्याला बाईच्या वजनाची आठवण सातव्या महिन्यात होते. गर्भाचे अवयव घडतात पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातले पहिले काही आठवडे तर तिला स्वतःलाही बातमी नसते. म्हणजे बाळाची शिदोरी ती लग्नाआधीच्या ताटातून घेऊन आलेली असते. पाच फूट उंचीला त्रेचाळीस किलोंच्या खाली वजन म्हणजे वैद्यकाच्या हिशेबी कमी वजन. आपल्या हिशेबी ती 'नाजूक'.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन. पण कमी भरले होते ते मुख्यतः मांस. चरबी बऱ्यापैकी राखलेली होती. अशी रोड दिसणारी बाळे मोठेपणी मधुमेहाच्या वाटेवर असतात. मुंबईत २००६ पासून वस्त्यांतल्या बायकांना पालेभाज्या, फळे, दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने ज्यांनी तो सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमनी वाढले. एवढेच? हो, एवढेच. आणि अगदी रोड बायकांच्या बाळांत तेवढेही नाही. वीस वर्षांची उपासमार तीन महिन्यांत फिटत नाही हो.

आता दुसरी बाजू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक बायका जादा वजनाच्या निघाल्या. त्यांनाही आपण तोच मंत्र देतो. गर्भारपणात वरचे लागते ते दिवसाला साडेतीनशे कॅलरी, म्हणजे दोन पोळ्या आणि एक पेला दूध. दुसऱ्या माणसाचे ताट नव्हे! अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशींप्रमाणे कमी वजनाच्या बाईने गर्भारपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावे, लठ्ठ बाईने पाच ते नऊ. आकडे त्यांच्या बांध्याचे आहेत, जसेच्या तसे घेऊ नका. पण सगळ्यांना एकच माप नाही, एवढे तरी घ्या.

पत्रिका जुळवतो तसे वजनही विचारावे, असे लिहिणार होतो. लिहीत नाही. तुम्ही त्याचाही उपयोग मुलगी नाकारायलाच कराल.

भाचीचे बाळ २.१ किलोंचे झाले, बरेच दिवस काचेच्या पेटीत होते. काकी बाहेरच्या बाकावर बसून म्हणाल्या, "पोरीनेच नीट खाल्ले नाही."

तिच्या धाकट्या बहिणीला आता स्थळे येऊ लागली आहेत. परवा रात्री जेवायला गेलो तर तिच्या ताटात भात नव्हता. मी उठून वाढला. काकी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.