शिक्का आहे, पण काटा कुठे दिसतो?

आई मंडईत जाते तेव्हा भाजीवाल्याच्या काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का शोधत बसत नाही. ती काट्याकडे बघते. भाजीवाला वीस वर्षांच्या ओळखीचा आहे, त्याच्यावर तिचा विश्वासही आहे. तरी काटा स्थिर झाल्याशिवाय ती पिशवी पुढे करत नाही. भाजीवाला यावर रागावत नाही, आणि ‘तुमचा व्यवस्थेवर विश्वास नाही का?’ असंही विचारत नाही.

ईव्हीएमबद्दल हाच साधा आग्रह धरला की मात्र माणसाला दोनपैकी एका रांगेत उभं केलं जातं. एका रांगेत ‘सगळं हॅक आहे’ म्हणत व्हिडिओ फॉरवर्ड करणारे. दुसऱ्या रांगेत ‘हरलात की रडता’ म्हणणारे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मतपत्रिकेची मागणी करणारी एक याचिका फेटाळताना साधारण तसंच सुनावलं: हरलात की यंत्रात फेरफार, जिंकलात की काही नाही!

मला या दोन्ही रांगांत उभं राहायचं नाही. दोघंही एकाच प्रश्नावर भांडतात: यंत्र हॅक झालं का? माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. यंत्रात काही गडबड झालेली नाही, हे हरलेल्या उमेदवाराला आणि त्याला मत देणाऱ्याला कसं कळणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ‘यंत्र प्रमाणित आहे’ एवढंच असेल, तर सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस म्हणून मला बोलायलाच हवं.

कारण प्रमाणपत्र कसं मिळतं हे मी पाहिलं आहे. पहिल्या नोकरीत आमच्या एका सॉफ्टवेअरची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झाली. अहवाल छान आला, ग्राहकाला पीडीएफ गेली. पुढे एका रात्री काहीतरी बिनसलं म्हणून लॉग उघडले, तर लाइव्ह चाललेलं बिल्ड तपासलेल्या बिल्डपेक्षा वेगळं निघालं. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. शेवटच्या आठवड्यात कोणीतरी एक ‘छोटा फिक्स’ टाकला होता, इतकंच. प्रमाणपत्र खोटं नव्हतं. ते दुसऱ्याच वस्तूचं होतं.

हीच गोष्ट मतदान यंत्रांच्या बाबतीत दोन देशांच्या न्यायालयांपुढे गेली आहे. ती आपल्याकडे नीट सांगितली जात नाही म्हणून इथे सांगतो.

पहिला देश नेदरलँड्स. तिथे नेडाप कंपनीची सरकारमान्य यंत्रं वर्षानुवर्षं वापरात होती. 2006 मध्ये ‘मतदान संगणकांवर आमचा विश्वास नाही’ असंच नाव घेतलेला एक नागरिकांचा गट उभा राहिला. हे यंत्र फक्त मतं मोजू शकतं, त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवा, असं आव्हान पुरवठादारांकडून आलं. रॉप गाँगग्राइप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्र मिळवलं, उघडलं, आतल्या चिप बदलल्या आणि त्यावर खरंच बुद्धिबळ खेळून दाखवलं. वर हेही दाखवलं की एका मोठ्या पक्षाच्या नावातल्या एका अक्षरावर स्वरचिन्ह असल्यामुळे ते नाव पडद्यावर आलं की यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरी बदलतात. म्हणजे काही मीटरवर बसलेल्या माणसाला कळू शकतं की मत कोणाला पडलं. मग मान्यतेचं काय? चाचण्यांचा भर यंत्र टिकाऊ आहे का, धक्के सोसतं का यावर होता. कोणी मुद्दाम छेडछाड केली तर काय, हे जवळपास कोणी विचारलंच नव्हतं. ऑक्टोबर 2007 मध्ये न्यायालयानं नेडाप यंत्रांची मान्यता रद्द ठरवली, आणि देश कागद-पेन्सिलीवर परतला.

दुसरा देश जर्मनी. 2005 च्या संसदीय निवडणुकीत तिथल्या सुमारे 20 लाख मतदारांनी नेडापच्याच यंत्रांवर मतं दिली. त्यांना मान्यता होती, आणि तीही मोजमापशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेनं तपासून दिलेली. पण ती संस्था नमुन्याचं यंत्र तपासायची. बाकीची यंत्रं हुबेहूब तशीच आहेत, हे उत्पादक लिहून द्यायचा. उलरिश वीस्नर हा सॉफ्टवेअर क्षेत्रातला माणूस आणि त्याचे राज्यशास्त्रज्ञ वडील योआखिम, हे दोघं घटना न्यायालयात गेले. यंत्र हॅक झालं, असा त्यांचा दावाच नव्हता. आम्हाला तपासता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

3 मार्च 2009 ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं की निवडणूक ही सार्वजनिक गोष्ट आहे. मतदान आणि मोजणी यांचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कोणत्याही खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, पडताळता आले पाहिजेत. आधी केलेली तपासणी, सील, पहारा, प्रक्रिया या सगळ्यांनी ती उणीव भरून निघत नाही. गडबडीचा पुरावा नव्हता म्हणून निवडणूक रद्द झाली नाही. पण यंत्रांना परवानगी देणारी नियमावली घटनाबाह्य ठरली. न्यायालयानं यंत्रांवर सरसकट बंदी घातली नाही हेही लक्षात घ्या. मतदाराला तपासता येईल असा कागद सोबत असेल, तर इलेक्ट्रॉनिक मतदानाला वाव आहे, असं त्यांनी सांगितलं.

मला हा निकाल एखाद्या उत्तम डिझाइन रिव्ह्यूसारखा वाटतो. ‘बग दाखवा, मग बोलू’ असं न्यायालय म्हणालं नाही. बग असता तर तो कोणाला दिसला असता, असं त्यांनी विचारलं.

आता आपल्याकडे येऊ. 1982 मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात काही केंद्रांवर ईव्हीएम पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मतदान अवैध ठरवलं, कारण कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती. पुढे कायदा बदलला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी पुरावा अत्यावश्यक आहे. त्यातून व्हीव्हीपॅट सगळीकडे आलं, आणि काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आपल्या ओळखीची झाली.

म्हणजे जर्मनीत जो कागद नव्हता तो आपल्याकडे आहे. नियम तर असा आहे की यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांचा आकडा खरा धरायचा. पण 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सक्तीनं मोजल्या जातात. बाकीच्या पेटीत राहतात.

पाच पुरतात का? गणित तुम्हीही करू शकता. एका विधानसभा क्षेत्रात 300 केंद्रं धरा. त्यातल्या 15 यंत्रांत चूक आहे, मुद्दाम केलेली किंवा नकळत झालेली. चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडली, तर त्यात एकही सदोष यंत्र न येण्याची शक्यता सुमारे 77 टक्के आहे. चारपैकी तीन वेळा चूक सुटून जाणार.

निवडणूक आयोगाची बाजूही सांगतो, कारण ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेत 288 मतदारसंघांत मिळून 1,440 यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, आणि एकीतही तफावत आढळली नाही, असं आयोगानं जाहीर केलं. राज्यभर पसरलेली मोठी गडबड असती, तर एवढ्या नमुन्यात ती कुठेतरी सापडली असती. म्हणून ‘सगळा महाराष्ट्रच हॅक केला’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो: मग 1,440 मध्ये एकही कसं सापडलं नाही?

पण कोणी एक माणूस अख्खं राज्य हरत नाही, तो आपला एक मतदारसंघ हरतो. 2024 मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा खासदार 48 मतांनी ठरला. सहा विधानसभा क्षेत्रं, प्रत्येकी पाच केंद्रं, म्हणजे सक्तीची मोजणी 30 केंद्रांची. तिथे काही गैर झालं असं मी म्हणत नाही. फरक 48 मतांचा असो की दोन लाखांचा, तपासणी तेवढीच, हे मात्र कोणत्याही इंजिनिअरला पटू नये.

एप्रिल 2024 मध्ये हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात होता. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली गेली. युक्तिवादात जर्मनीचा दाखला निघाला, तेव्हा आपली प्रचंड लोकसंख्या हे उत्तर मिळालं. पण न्यायालयानं एक खिडकी उघडली: दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं सात दिवसांत लेखी मागणी केली, तर पाच टक्के यंत्रांच्या चिपमधला प्रोग्रॅम तपासायचा. खर्च उमेदवाराचा, छेडछाड सिद्ध झाली तर परत. आणि तपासणार कोण? यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच इंजिनिअर.

आमच्याकडे कोणी स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू करून मर्ज केला, तर टीम लीड बोलावून घेतो. इथे त्याला पडताळणी म्हणतात. त्यातही आयोगानं पहिल्यांदा जी कार्यपद्धती काढली, तिच्यात मुख्य भर मॉक पोलवर होता. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की यंत्रातला डेटा पुसू नका. एका संचाच्या तपासणीचे 40,000 रुपये आणि वर जीएसटी, ही रक्कमही जास्त असल्याचं न्यायालयालाच म्हणावं लागलं.

आणि बाहेरच्या माणसानं यंत्र उघडून पाहिलं तर? हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन आणि तोच डच रॉप गाँगग्राइप यांनी 2010 मध्ये एका भारतीय ईव्हीएममधल्या त्रुटी दाखवल्या. ते यंत्र मुंबईच्या सरकारी साठ्यातलं असल्याचं निघालं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना अटक केली. यंत्र कसं मिळालं हा कायद्याचा प्रश्न होता, मान्य. पण संशोधकाला ते रीतसर मिळण्याचा मार्ग होता का?

मारकडवाडीचं डोकं फिरलं नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या त्या गावानं स्वतःपुरतं मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. त्यांचा उमेदवार तर निवडून आला होता! तरी गावातला आकडा पटेना. कायद्यानं अशा मतदानाला काही किंमत नाही, आणि प्रशासनानं जमावबंदी लावून ते थांबवलं. पण त्या गावच्या चिठ्ठ्या पेटीत होत्या. त्यांच्यासमोर त्या मोजून दाखवल्या असत्या, तर प्रश्न एका दुपारी मिटला असता. आकडा जुळला असता तर अफवा तिथेच संपली असती.

म्हणून मागणी मतपत्रिकेची नको, मोजणीची हवी. मतांचा फरक कमी, तर चिठ्ठ्या जास्त मोजा. अगदी कमी असेल तर सगळ्या मोजा. फरक मोठा असेल तर थोड्या पुरतात. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये 2017 पासून अशी पद्धत राज्यभर वापरतात. चिप तपासायची तर यंत्र न बनवणाऱ्यांनी तपासावी. वेळ लागेल म्हणतात. 2024 मध्ये 19 एप्रिलला मत दिलेला मतदार निकालासाठी 46 दिवस थांबला. तो आणखी दोन दिवस थांबेल.

तोवर तुमच्या-माझ्या हातात काय? हॅकिंगचा पुढचा व्हिडिओ आला तर फॉरवर्ड करू नका. पुढच्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराचे मतदान प्रतिनिधी व्हा, केंद्रावर दिवसभर बसा, आणि निघताना फॉर्म 17-सी ची प्रत मागून घ्या. किती मतं पडली याचा तो सही केलेला हिशेब असतो. मोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून बघा. कोणी विचारलंच, ‘विश्वास नाही का?’, तर सांगा: आहे, पण काटा बघू द्या.