कैद्याच्या भक्तीची परीक्षा गावात होते

सदर : वेशीच्या आत-बाहेर
नाचणगाव, जि. वर्धा

‘जेलात गेला अन् माळकरी होऊन आला’ हे आमच्या नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यात कौतुकानं कुणी म्हणत नाही. सुटून आलेला गडी काकड्याला दिसू लागला की पानठेल्यावर निकाल लागतोच : नाटक आहे बाप्पा, पुढची तारीख सोपी जावी म्हणून चाललंय.

हा संशय अगदीच हवेतला नाही. तुरुंगात चांगल्या वागणुकीवर शिक्षेत माफी मिळते. फर्लो-पॅरोलच्या कागदावरही वागणुकीचा शेरा लागतो. ज्याच्या हातात वर्ष-सहा महिने कमी करून घेण्याचं एवढं एकच साधन आहे, तो ते वापरणारच. पण म्हणून तुरुंगातला देवधर्म सगळा खोटा ठरवायचा, तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आडवा येतो.

1932 साली वर्ध्याचे विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर साने गुरुजी बसून भराभर उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत. या पुस्तकाचे गोडवे आपण गातो, पण बोलणारा स्वतः कैदी होता हे मात्र पटकन विसरतो. बाहेरून येऊन, हार स्वीकारून, तासाभरात उपदेश आटोपून मोटारीत बसणारा तो पाहुणा नव्हता. आठवडाभर ऐकणाऱ्यांसोबत त्याच भिंतीआड राहायचं, तेच अन्न खायचं, दळणासारख्या कामाला हात लावायचा आणि मग रविवारी कर्मयोगावर बोलायचं. ऐकणारे बहुतेक राजबंदी होते हे खरं. पण शब्दाला वजन येतं ते बोलणारा कुठं बसलाय त्यावरून, आणि हा नियम राजबंद्याला आणि चोरी करून आलेल्याला सारखाच लागू पडतो.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातलं आष्टी आणि तिकडं चिमूर पेटलं. त्यानंतर तुकडोजी महाराजांना सरकारनं आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीवरचं भजन इंग्रजांना बंदुकीइतकं धोक्याचं वाटलं, कारण त्या भजनानं माणसं शांत बसत नव्हती, उठून उभी राहत होती. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत कुठल्या एका पंथाची मक्तेदारी नाही. बराकीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी एकाच छताखाली झोपतात. तिथं चालू शकेल असा धर्म याच वळणाचा असणार.

आजही तुरुंगात धर्म आहे. 2022 साली राज्यातल्या कारागृहांमध्ये तुकोबांच्या नावानं भजन-अभंगांची स्पर्धा झाली. नाशिकरोडचे बंदी गणपती घडवतात. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेचं पहिलं तुरुंगातलं शिबिर जयपूरला 1975 साली झालं आणि 1994 मध्ये तिहारला एका वेळी हजारावर बंदी डोळे मिटून बसले. रागानं एका क्षणात आयुष्य वाया घालवलेल्या माणसाला स्वतःचा श्वास न्याहाळायला शिकवणं, हे काम एरवी तुरुंगात कुणी करत नाही. ताल धरायचा तर शेजारच्याचा आवाज ऐकावा लागतो, एवढं तरी भजन शिकवतंच. तेव्हा आतला टाळ बंद करा असं मी म्हणणार नाही.

माझे आक्षेप दोन. पहिला : आत बसलेले सगळे गुन्हेगार नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली चारांपैकी तीन कच्चे कैदी. ज्याच्यावर दोष शाबित झालेला नाही त्याला पश्चात्तापाचं कीर्तन ऐकवायचं म्हणजे निकालाआधीच निकाल. त्याला आधी वकील हवा, तारीख हवी, जामिनाला उभा राहणारा माणूस हवा. कीर्तनकार त्यानंतर आला तरी चालेल.

दुसरा आक्षेप जास्त कडू आहे. देवासोबत जातही फाटकातून आत जाते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यांनी पत्रकार म्हणून जे खणून काढलं होतं ते हे : कित्येक राज्यांच्या कारागृह नियमांत स्वयंपाक वरच्या जातींना आणि झाडू-संडास खालच्यांना, अशी वाटणी बिनदिक्कत लिहिलेली होती. न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. भटक्या-विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या रीतीवरही बोट ठेवलं. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण आपल्या भागात चोरी झाली की पहिला फेरा अजून पारध्यांच्या बेड्यावरच जातो. संध्याकाळी ‘सर्व एक’ म्हणायचं आणि सकाळी जात पाहून झाडू हातात द्यायचा, अशा ठिकाणी प्रार्थनेनं कोण सुधारणार?

मग धर्मानं माणूस सुधारतो कधी? उत्तर सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला आहे. 1939 साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन या गांधीभक्त परदेशी माणसाच्या कल्पनेतून तिथं खुली वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेल्या माणसांना शेती दिली, बायकापोरं जवळ राहू दिली आणि पळून जाणार नाहीत असा विश्वास टाकला. त्यावरूनच शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ आला, कथा गदिमांची. त्या सिनेमातली प्रार्थना पुढं शाळाशाळांत गेली, पण त्यातल्या सहा कैद्यांना बदललं ते दिवसभराच्या नांगरानं आणि कुणीतरी टाकलेल्या भरवशानं. प्रार्थना त्यानंतरची.

विनोबांनी हेच मोठ्या पटावर केलं. 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी त्यांच्यापुढं बंदुका ठेवल्या. शिक्षा माफ करून देईन असं विनोबांनी कबूल केलं नव्हतं. खटले चालले, माणसं तुरुंगात गेली. मिळालं ते एवढंच की, कुणीतरी त्यांना डाकू न म्हणता माणूस म्हणून हाक मारली.

आता आपलं बघू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून हातभट्टीच्या गुन्ह्यात आत-बाहेर करणारी कुटुंबं इथं गावोगावी सापडतात. असा माणूस सुटून येतो तेव्हा त्याच्या हाती माळ असेल, नसेल. कापूस वेचायला त्याला कुणी बोलावत नाही. जिनिंगमध्ये ‘मागाहून सांगतो’ म्हणतात. पोरीची सोयरीक मोडते. सप्त्याच्या पंगतीत तो वाढायला उठला तर चार लोक पत्रावळीवर हात आडवा धरतात. पंधरा दिवसांत हातभट्टीवाला मात्र घरी येऊन काम देऊन जातो. मग तो पुन्हा पकडला की आपण म्हणायला मोकळे : पाहा राजेहो, माळ खोटीच होती!

राजेहो, त्याची माळ खरी की खोटी हे ठरवायचा धंदा आपण सोडू. गुरुदेव सेवा मंडळ, भजनी मंडळ, बुद्धविहार, मशीद कमिटी, सगळी या परिसरात आहेत. तुरुंगात जाऊन एक दिवस भजन म्हणणं आणि फोटो काढणं सोपं आहे. प्रत्येक मंडळानं वर्षाला सुटून आलेल्या एका माणसाची हमी घ्यावी : हंगामाचं काम, पोराची शाळा, आणि गरज पडली तर ठाण्यात सोबत जाणं. एवढं जमत नसेल तर तुरुंगातल्या भजनाला नाटक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आत निदान तालीम तरी होते. आपण तर बाहेर बसून नुसती तिकिटं तपासतोय.