एकपत्नीत्वाचा टेंभा

पाश्चात्त्यांचा विवाह हा करार आणि आपला तो संस्कार. तिकडे घटस्फोट, इकडे सात जन्मांची गाठ, असा डांगोरा आपल्याकडील संस्कृतिरक्षक नित्य पिटत असतात. उलटपक्षी, पौर्वात्य म्हणजे जनानखाना, असे पाश्चात्त्य पंडित पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दोघांचे हितसंबंध निराळे, असत्य मात्र एकाच जातकुळीचे.

एकाहून अधिक बायका करण्याची मुभा हिंदू पुरुषाला धर्मशास्त्राने दिली होती आणि ब्रिटिश न्यायालयांनीही ती मानली होती. मुंबई प्रांतात ती १९४६ च्या कायद्याने गेली. देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. हिंदू कोड बिल रखडवून १९५१ साली डॉ. आंबेडकरांवर राजीनाम्याची वेळ आणणाऱ्या सनातन्यांचा तेव्हा धर्म बुडत होता. त्यांचेच वारस आज एकपत्नीत्व हा हिंदूंचा पुरातन ठेवा म्हणून मिरवितात आणि बोट मुसलमानांकडे दाखवितात! स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ साली १९६१ च्या जनगणनेवेळचे जे आकडे पुढे ठेवले, त्यांत बहुपत्नीकत्वाचे प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के होते, मुसलमानांत ५.७ आणि आदिवासींत १५.२५. उत्तराखंडाच्या २०२४ च्या समान नागरी संहितेने अनुसूचित जमातींना वगळले आहे. त्यास संविधानिक कारणे असतीलही. पण मग बहुपत्नीकत्वाविरुद्धचा तो सारा आवेश कोणावर रोखलेला होता?

पश्चिमेनेही फुशारकी मारण्याचे कारण नाही. इंग्लंडात १८५७ च्या कायद्यान्वये पत्नीचा व्यभिचार एवढ्यावर पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे काहीतरी सिद्ध करावे लागे. हा भेद १९२३ पर्यंत टिकला. एकनिष्ठेचा नियम मालमत्तेचा वारस निश्चित व्हावा म्हणून जन्मला आणि तो बांधतो स्त्रीलाच, हे एंगल्सने १८८४ मध्ये मांडले होते.

आपला कायदा तरी काय करतो? १९६५ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केलेला पुरुष निर्दोष सुटला. का, तर दुसऱ्या लग्नात होम व सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता. विधीत कसूर ठेवावी आणि शिक्षा चुकवावी, अशी ही सोय! दुसरी जी आली, तिला पत्नीचा दर्जा नाही, वारसा नाही. तिच्या मुलांना कायद्याने औरस मानले, एवढाच काय तो दिलासा.

तिला आणतात कशाला, हे पाहायचे तर पुराणे चाळण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात डेंगणमाळ नावाचे गाव आहे. पाणी भरण्यासाठी तेथे दुसरी, तिसरी बायको केली जाते, असे वृत्त २०१५ साली झळकले. त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणतात. बहुधा त्या विधवा वा टाकलेल्या. छप्पर आणि कपाळाचे कुंकू एवढ्या मोलावर त्या डोक्यावर हंडे वाहतात. मुंबईची तहान भागविणारी मोठमोठी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत.