कमवा आणि शिका
मंडळी, नातवाने कॉलेजच्या लायब्ररीत रोज दोन तासांचं काम धरलंय. सूनबाई नाराज. "आपल्याला काय कमी आहे?" मला मात्र बरं वाटलं. कुंभारवाड्याहून बी.कॉम.ला बाहेर पडलो तेव्हा मीही हेच करायचो. मेसचं बिल निघायचं. पण पैशांपेक्षा मोठं म्हणजे, एक पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवल्यातच जमा, हे कळलं. पुढे बँकेत व्हाउचर लावताना तीच सवय कामी आली. कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं, तिथली मुलं तर शेतात राबून शिकली. मग कमीपणा कसला? फक्त परीक्षेच्या महिन्यात काम सोडावं. मी सोडलं नाही, स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिला!